दुसऱ्या ओळीचा माणूस

वेंकोबाराव गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. सकाळची कॉफी घेत मी इंग्रजी पेपर चाळत होतो. शेवटून दुसऱ्या पानावर, स्थळांच्या जाहिरातींखाली, चार ओळी होत्या : मैलापूरचे निवृत्त गणित-शिक्षक, वय पासष्ट, मागे पत्नी. त्या चार ओळी मी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. माझा चेहरा पाहून सुमननं, माझ्या पत्नीनं, पेपर हातातून घेतला, वाचला, त्याची नीट घडी घातली आणि हळू आवाजात म्हणाली, "आता तरी हैदराबादहून परत या."

हे वाक्य वाचकांना कोड्यासारखं वाटेल. त्यात कोडं काही नाही, लाज आहे. मी हैदराबादला कधी गेलोच नव्हतो. त्या सकाळच्या चौदा महिने आधी वेंकोबारावांच्या घरी, त्यांनीच दिलेल्या पाटावर बसून, मी त्यांना सांगितलं होतं की माझी हैदराबादला बदली झाली. त्यानंतरचे चौदा महिने मी त्यांच्या घरापासून तीन मैलांवर, टी. नगरात, माझ्याच बिऱ्हाडात राहत होतो... राव जाऊन आता सात आठवडे झाले. अशा लेखात गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं असतं, स्वतःबद्दल नव्हे, हे मला कळतं. पण राव बाजूला काढून मी आणि मला बाजूला काढून राव, असं वेगवेगळं लिहायला बसलो की काहीच उमटत नाही. तसं वेगळं होण्याची खटपट मी एकदा केली होती. ती कशी फसली, तेच सांगायचं आहे.

मी मूळचा सातारकडचा. केंद्र सरकारच्या एका कचेरीत नकाशे काढतो. बदली होऊन मद्रासेला आलो तेव्हा तिशी नुकतीच ओलांडली होती. तमिळ येत नव्हतं, माणसांत मिसळण्याचा स्वभाव तर सातारलाही नव्हता. एका संध्याकाळी मैलापूरच्या देवळाच्या तळ्याच्या पायऱ्या उतरताना शेवाळावरून घसरलो आणि बसल्या जागेवरून तोंडातून जे निघालं ते इथे छापता येणार नाही. मागून कोणीतरी खो खो हसलं. वळून पाहिलं तर पांढरं धोतर, कपाळाला गंध, काखेत छत्री, असे एक पन्नाशीचे गृहस्थ. हात पुढे करून म्हणाले, "उठा, उठा. फार वर्षांनी शुद्ध मराठी ऐकली. तुम्ही देशाकडचे काय?"

हे वेंकोबाराव. तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी ज्यांचे पूर्वज मराठी राजांबरोबर दक्षिणेत उतरले आणि मग परत फिरलेच नाहीत, अशांपैकी एक घर. त्यांच्या मराठीत आपल्या पणजोबांच्या काळचे शब्द तसेच्या तसे राहिलेले आणि मधून मधून तमिळ शिरलेलं. 'इथे' म्हणायचं तर ते 'हिंगे' म्हणत, 'तिथे'ला 'तिंगे', 'सगळं'ला 'अस्कं'. चाल तमिळसारखी, वर जाऊन खाली येणारी. मी प्रथम प्रथम त्यांना सुधारत असे. ते निमूटपणे ऐकून घेत. त्यांची पत्नी, तुळजाक्का, मात्र सैपाकघराच्या दारातून म्हणत, "कुलकर्णी, तुमची मराठी वर्तमानपत्रासारखी. वाचायला बरी, जेवायला बसलं की कामाची नाही."

त्या घरात दर शनिवारी दिवे लागायच्या सुमारास भजन होई. भजन म्हणजे दोन माणसांचं. रावांच्या पणजोबांनी पन्नासेक पदं रचून ठेवली होती, आणि ती म्हणण्याची रीत त्या घरापुरती होती. मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मध्ये समई. समोरासमोर दोन पाट. एकानं पहिली ओळ म्हणायची, दुसऱ्यानं दुसरी. पहिली ओळ म्हणणाऱ्यानं दुसरी म्हणायची नाही, काही झालं तरी नाही, आणि पदाची रचनाही अशी की पहिली ओळ एकटी ठेवली तर अर्धवट लोंबकळत राहावी. एक पद मला फार आवडे. पहिली ओळ : 'तू नसतां मी कोणा सांगूं'. दुसरी : 'मी नसतां तू कोणाचें ऐकसी'. देवानं भक्ताला म्हटलं आहे की भक्तानं देवाला, असं मी एकदा विचारलं. राव म्हणाले, "पणजोबांनी सांगितलं नाही. दोघांनाही ठाऊक नसावं."

रावांची दुसरी ओळ म्हणणारे त्यांचे धाकटे बंधू त्याच सुमारास मुलाकडे जमशेदपूरला राहायला गेले होते. त्या पाटावर मी बसलो, तो अकरा वर्षं बसलो. माझा आवाज जाड, खालच्या पट्टीतला, शिक्षण काही नाही. तरी कसा कोण जाणे, रावांच्या ओळीला माझी ओळ नेमकी बसे. पदं संपली की दोघांनी एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवायचं. वय, नातं, जात, काही पाहायचं नाही. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठा माणूस माझ्या पायांशी वाकतो म्हटल्यावर पहिल्या शनिवारी मी पाय झटकन मागे ओढले. राव वाकलेलेच राहिले आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, "पाय मागे घेतलांत तर नमस्कार कुणाला करूं? भिंतीला?" सैपाकघरातून भांडं पडल्यासारखं हसू आलं. तुळजाक्का तिथूनच ऐकत. बायकांनी त्या पाटावर बसायचं नाही, अशी रीत होती. कुणी घालून दिली होती ते विचारायचं त्या घरात कुणाला सुचलं नव्हतं, आणि मलाही नाही.

अकरा वर्षांत मी बदललो. वाईट झालो असं नव्हे... शांत झालो, आणि त्या शांततेचं मला कौतुक वाटू लागलं. पहाटे घराच्या गच्चीवर मी एकटा तासभर बसत असे. एका पहाटे असं काही झालं की मी, गच्ची, शेजारच्या नारळाची झावळी यांच्यातल्या कडा पुसल्यासारख्या झाल्या. नुसतं जाणणं उरलं. किती वेळ ते सांगता येत नाही. ते खरं होतं, आजही मी ते नाकारत नाही. पण खाली उतरलो तो फुगून. मग शनिवारचं भजन मला पोरकट वाटू लागलं. रावांचा सूर हलतो, ते मध्येच तपकीर ओढतात, ओळ विसरली की गुडघ्यावर ताल धरून छताकडे पाहतात. हे सगळं मला दिसू लागलं आणि खुपू लागलं. एकच जाणीव असेल तर ह्या दोन पाटांचं काय काम?

एका शनिवारी मी ते बोलून दाखवलं. शेजारचे दोघे-तिघे ऐकायला येऊन बसले होते. मी म्हणालो, "राव, खऱ्या अनुभवात दुसरा उरतच नाही. मग दोघांनी मिळून म्हणणं म्हणजे दोनपण पक्कं करणंच नाही का? पुढे जायचं तर एकट्यानंच जावं लागतं." रावांनी चिमटीतली तपकीर तशीच धरून माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरोबर. मग हें मला कशाला सांगतां?"

सगळे हसले. तुळजाक्का तर आतून एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेजारचे पुन्हा हसले. राव हसले नव्हते. हसू थांबल्यावर ते पुढे वाकून म्हणाले, "खरंच विचारतों, कुलकर्णी. एकटे होतां, अस्कं मिळालं. मग सांगितल्यावाचून राहवेना, तें कां?" तो प्रश्न होता. गणिताच्या मास्तरानं विद्यार्थ्याला फळ्यापाशी बोलावून विचारावा तसा, उत्तराची खरी वाट पाहणारा. मला तो टोमणा वाटला. त्या दिवशी दुसऱ्या ओळी म्हटल्या, नमस्कार केला, बसमध्ये बसलो आणि घरी येईपर्यंत मनात ठरवून टाकलं होतं की आता जायचं नाही.

पण 'येत नाही' असं त्या माणसाला तोंडावर कसं सांगणार? भांडण झालेलं नव्हतं. आजारीपण किती दिवस टिकणार? आम्हा सरकारी नोकरांना मात्र एक सोय असते. बदली झाली म्हटलं की कुणी काही विचारत नाही. मद्रासेतल्या जुन्या मराठी घरांना त्याची सवयच होती. देशाकडचे लोक यायचे, दोन-चार वर्षं सणावाराला जेवायचे आणि एक दिवस ट्रंका बांधायचे. पुढच्या शनिवारी मी सांगितलं, "राव, हैदराबादची ऑर्डर आली." ते थोडा वेळ समईच्या वातीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "कधी?" मी म्हणालो, "बुधवारी. स्टेशनवर येऊ नका, कचेरीतली मंडळी बरोबर आहेत." ते म्हणाले, "सरी." बरं, म्हणून.

मंगळवारी संध्याकाळी तुळजाक्कांनी शेजारच्या मुलीच्या हाती केळीच्या पानात बांधलेला चिंचेचा भात आणि दहीभात पाठवला, आम्हा दोघांच्या प्रवासासाठी. गाडीत दोन दिवस टिकेल अशा बेतानं तेल सढळ सोडलेलं. बुधवारी दुपारी तो भात आम्ही नवरा-बायकोनं आमच्याच गच्चीवर बसून खाल्ला. सुमन एक घास घ्यायची आणि माझ्याकडे पाहायची. "आता कुठलं स्टेशन आलं असेल?" तिनं विचारलं. पुढे चौदा महिने ती मला बाजारात पाठवताना सांगत असे, "हैदराबादहून येताना वांगी आणा, आणि कोवळी बघून आणा."

लपून राहणं काय असतं ते मी तेव्हा शिकलो. मैलापूरकडून जाणारी बस टाळायची. शनिवारी संध्याकाळी घराबाहेर पडायचं नाही. दिवाळीच्या आधी टी. नगरातल्या एका साड्यांच्या दुकानात सुमनबरोबर गेलो असताना दारातून राव आणि तुळजाक्का आत येताना दिसले. मी, चाळिशी उलटलेला सरकारी नोकर, टांगलेल्या साड्यांच्या रांगेमागे शिरलो आणि नाकाशी एक जांभळा पदर घेऊन उभा राहिलो. काळ किती गेला ते सांगवत नाही. ती दोघं निघून गेली. सुमन येऊन म्हणाली, "चला, गाडी सुटली."

पहाटेचं गच्चीवर बसणं मी सोडलं नव्हतं, उलट वाढवलं. रविवारी बसनं मद्रासजवळच्या कोवलमला जाऊ लागलो. तिथे कोळ्यांच्या होड्यांपलीकडे समुद्राकडे तोंड करून बसायचं, एकदम एकांतात. पाच-सहा रविवार गेले आणि एका सकाळी पुन्हा तेच झालं. कडा पुसल्या. पाणी, वाळू, श्वास, सगळं एकाच जाणण्यात... आणि त्यातच मला दिसलं की मी शब्द शोधतो आहे. 'कडा' म्हणावं की 'रेघा'? 'पुसल्या' की 'विरघळल्या'? शब्द कुणासाठी? इथे तर कुणीच नव्हतं. मी रावांना सांगत होतो. ज्या एकटेपणासाठी मी त्या म्हाताऱ्याला फसवलं, त्याच्या अगदी तळाशी तो तपकीर ओढत बसला होता आणि विचारत होता, तें कां? मला हसू आलं की रडू, ते आठवत नाही. एवढ्यात मागून एक कोळी ओरडला की सामी, दोराच्या वाटेत बसलात, बसायचं तर तिकडे सरका, नाही तर दोर तरी धरा. किनाऱ्यावरून लांब जाळं ओढत होते, दोन दोरांना माणसांच्या दोन रांगा. मी दोर धरला. एक रांग जरा सैल पडली की दुसरीतले लोक शिव्या देत, कारण जाळ्याचं तोंड फिरतं. हाताची सालटी निघाली. नंतर त्यांनी मला चार मासे देऊ केले. मी नको म्हटल्यावर त्यांना फार गंमत वाटली.

त्याच दिवशी मैलापूरला जायला हवं होतं. गेलो नाही. 'बदली रद्द झाली' एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं, पण तो आणखी एक खोटेपणा. आणि खरं सांगायचं म्हणजे त्या समईपुढे बसून सांगायचं. ह्या शनिवारी, पुढच्या शनिवारी... तोवर दुसरीच एक गोष्ट मनात येऊन बसली होती आणि ती मला झोपू देत नव्हती. पहिली ओळ म्हणणाऱ्यानं दुसरी म्हणायची नाही. राव ही रीत मोडणाऱ्यांतले नव्हते. बंधू जमशेदपूरला. म्हणजे माझ्या पाठीमागे त्या घरातलं भजन बंद पडलं असणार. चार पिढ्या चाललेली गोष्ट माझ्या फुगीरपणानं थांबली असणार. त्या माणसाच्या तोंडी अर्धी ओळ राहिली आणि ती पुरी करणारा तीन मैलांवर साड्यांमागे लपून उभा होता... पेपरातल्या त्या चार ओळी वाचल्या तेव्हा माझ्या मनात दुःखाच्याही आधी हे आलं : राव मुके होऊन गेले, आणि ते मी केलं.

पाच शनिवार मी गेलो नाही. सहाव्या शनिवारी सुमननं काही न बोलता माझ्या चपला दारात जोडून ठेवल्या. मैलापूरच्या त्या गल्लीत शिरताना एका दुकानासमोर उगाच थांबून मी लिंबं विकत घेतली. दार तुळजाक्कांनी उघडलं. अंगावर साधं लुगडं, कपाळ मोकळं. बाकी डोळे तेच, आणि जीभही. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "या. गाडी फारच उशिरा आली काय?"

मी उंबऱ्यातच म्हणालो, "अक्का, मी हैदराबादला गेलोच नव्हतो."

"ठाऊक आहे. आंत या, लिंबं खालीं ठेवा, पडतील."

"कधीपासून ठाऊक?"

"बुधवारपासून," त्या म्हणाल्या. "तुम्ही नको म्हटलांत तरी हे स्टेशनवर गेले. हातांत लिंबू आणि फुलांची माळ. गाडीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत दोनदां फिरले. माणसं विचारतात, सार, कोण हवें? गाडी सुटली, घरीं आले, माळ देवाला घातली. मी म्हटलं, भेटले काय? म्हणाले, 'गाडींत नव्हते. बरं झालं, तुळजा. मद्रासलाच आहेत.'"

मी खाली बसलो. बरं झालं. त्यांना पहिल्यांदा सुचलं ते हे. रागवायचं सुचलं नाही, मी गावातच आहे याचं बरं वाटलं.

"आणि साड्यांच्या दुकानांत," अक्का पुढे म्हणाल्या, "तोंड लपवलांत, पाय कोण लपवणार? मी हाक मारायला गेलें तर ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, 'बदली झालेल्या माणसाला हाक मारूं नये. त्याला परत यायला त्रास होतो.'"

मग मी जे विचारायला आलो होतो ते विचारलं. भजनाचं काय झालं? कुणाचं तरी बोट दारात सापडल्यावर आपण विचारतो तसं, उत्तर न ऐकण्याची तयारी ठेवून विचारलं.

अक्कांनी लिंबं एका परातीत ठेवली, परात बाजूला सारली. मग सांगितलं. मी गेल्यावरच्या पहिल्या शनिवारी राव नेहमीसारखे बसले. समई लावली, समोरचा पाट मांडला. पहिली ओळ म्हटली. मग दुसऱ्या ओळीला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गुडघ्यावर ताल धरून गप्प राहिले, आणि त्यापुढची पहिली ओळ म्हटली. असं सगळं पद. असे सात शनिवार. अक्का सैपाकघरात तांदूळ निवडत ऐकत. लग्न होऊन त्रेचाळीस वर्षं झाली होती, पन्नासच्या पन्नास पदं दोन्ही बाजूंनी पाठ होती, पण ओठ कधी उघडला नव्हता.

"ती रिकामी ओळ ऐकवेना हो," अक्का म्हणाल्या. "गाणं ऐकवतं, गप्प बसणंही ऐकवतं. पण हें... कुणी हात पुढे करून उभं आहे आणि हातावर कुणी कांही ठेवत नाही, तसं. आठव्या शनिवारीं ह्यांनी म्हटलं, तू नसतां मी कोणा सांगूं... आणि माझ्या तोंडातनं गेली. तांदळाचं सूप हातांत तसंच. मेलें, म्हटलं मनांत. बाहेर ताल थांबला. मग हे म्हणाले, 'तुळजा, मोठ्यानं. हिंगे येऊन बस.'"

"आणि तुम्ही बसलात?"

"नाहीं बसत तर काय? सूप घेऊनच बसलें. मग पदं संपल्यावर हे वाकले. माझ्या पायांशीं! मी ओरडलें, अय्यो, हें काय! पाय घेतले मागे. तुम्हाला सांगितलं होतं तेंच मला सांगितलं, भिंतीचं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "त्रेचाळीस वर्षं ह्यांना वाढलं, ह्यांचं धुतलं. समोर बसलें त्या शनिवारीं. हे कोण तेंही मला तेव्हां कळलं आणि मी कोण तेंही. वर्षभर मिळालं, कुलकर्णी. गेले त्याच्या आदल्या शनिवारींही म्हटलं. तुम्ही येत राहिलां असतां तर मी अजून आंतच तांदूळ निवडत असतें."

मी रडलो. पुरुषानं परक्या घरात रडावं तसं, आवाज न करता, चष्मा पुसण्याचं निमित्त करून. अक्कांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "म्हणून खोटं बोललांत तें चांगलं केलंत असं नाही. तें वाईटच."

"हो."

"चिंचेचा भात तरी टाकला नाहीत ना?"

"नाही. गच्चीवर बसून खाल्ला, दोघांनी."

"मग झालं तर."

इतक्या सहज त्यांनी ते ओझं माझ्या खांद्यावरून उतरवलं. माझ्या खोट्याचं पुण्य झालं असं मी म्हणत नाही. ते माझं होतं आणि माझंच राहील. पण चौदा महिने मी समजत होतो की त्या घरात मी एक पोकळी करून ठेवली. आणि त्या दोघांनी ती पोकळी सात शनिवार तशीच उघडी ठेवली, म्हणून तर तिच्यात दुसरं माणूस येऊन बसू शकलं. माझ्या नसण्यालाही त्यांनी जागा दिली. मी एकटा पुढे जायला निघालो होतो, आणि ह्या बाई सैपाकघरातून चार पावलं बाहेर येऊन माझ्या कितीतरी पुढे जाऊन बसल्या होत्या.

दिवे लागायची वेळ झाली. अक्का उठल्या, त्यांनी समई लावली, दोन पाट मांडले. मी सवयीनं माझ्या पाटाकडे गेलो, त्याही सवयीनं त्याच पाटाकडे आल्या, आणि दोघं एकदम थांबलो. त्या घरात दोघंही दुसऱ्या ओळीचे होतो. पहिली ओळ मी अकरा वर्षांत कधी म्हटली नव्हती, अक्कांनीही नाही. समोरचा पाट रिकामा होता.

"आतां?" मी म्हणालो.

"आतां काय? बसा तिंगे," त्यांनी रावांच्या पाटाकडे हनुवटी केली.

"मी? तुम्ही बसा. तुमचा हक्क."

"माझा हक्क हिंगे आहे. तुम्हाला कांही सांगायचं होतं ना? पहिली ओळ सांगणाऱ्याचीच असते."

मी बसलो. समईच्या पलीकडून ती खोली मी पहिल्यांदाच पाहत होतो. सैपाकघराचं दार इथून सरळ समोर दिसतं. म्हणजे अकरा वर्षं राव माझ्याकडे पाहून म्हणत होते तेव्हा माझ्या खांद्यावरून त्यांना ते दारही दिसत असणार. दुसरी ओळ म्हणणं किती सोपं असतं ते मला तेव्हा कळलं. आधीच कुणीतरी हाक दिलेली असते, आपण फक्त ओ द्यायची. पहिली ओळ मात्र अशीच टाकायची, पलीकडे कुणी आहे एवढ्या भरवशावर. डोळे मिटले आणि सगळा जोर लावून माझ्या नेहमीच्या पट्टीत सुरुवात केली.

"थांबा, थांबा," अक्का म्हणाल्या.

मी डोळे उघडले.

"एवढ्या खालीं नव्हे. मागनं मला म्हणायचंय." मग जरा मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "ह्यांचा गळा वरचा. माझ्याबरोबर म्हणायला लागले तेव्हां ऐकलां असतांत! तुमच्याबरोबर अकरा वर्षं खालीं धरून म्हणत. तुम्हाला सूर लागावा म्हणून. सांगूं नको म्हणाले होते."

अक्का घाई न करता बसून होत्या. मग त्यांच्या गळ्याचा अंदाज घ्यावा म्हणून मी म्हणालो, "तुम्ही जरा सूर द्या, अक्का." त्यांनी 'आ' लावला, थोडा थरथरता, पण स्वच्छ. माझ्या जाड गळ्याला तो अवघडच होता. मी तिथेच धरला.